लाल दिवा लागतो, पण पुढे काहीच नाही!

प्रश्न : मुलीला प्रोग्रॅमिंगची आवड आहे म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा बोर्ड घेतला. इमेजर नावाच्या प्रोग्रॅमने ६४ जीबीच्या कार्डात ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, घरातला मोबाइलचा चार्जर लावला. लाल दिवा लागला, टीव्हीवर मात्र काहीच आलं नाही. कार्ड परत लॅपटॉपला लावलं तर ६४ जीबीच्या जागी जेमतेम अर्धा जीबी दिसतं, आणि विंडोज म्हणतं, 'आधी फॉरमॅट करा'. केलं फॉरमॅट. पुन्हा सगळं टाकलं, पुन्हा तीच मागणी, पुन्हा फॉरमॅट. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला, दुसरा घ्या. खरंच गेला का? आणि कार्डही गेलं का? — एक वाचक, सांगली

उत्तर : दुसरा बोर्ड घेण्याची घाई करू नका. तुमचं पत्र नीट वाचलं तर बोर्ड गेल्याची एकही खूण त्यात सापडत नाही. उलट कार्ड व्यवस्थित लिहिलं गेल्याच्या दोन खुणा आहेत. ज्या दोन गोष्टींनी तुम्हाला घाबरवलं त्याच त्या: कार्ड लहान दिसणं आणि फॉरमॅटची मागणी. त्या चांगल्या खुणा कशा, ते पुढे येईलच. त्याआधी प्रश्न जरा बदलून घेऊ. 'बोर्ड सुरू का होत नाही?' असं विचारलं की शंभर शक्यता समोर येतात. 'बोर्ड कुठल्या पायरीपर्यंत पोचला?' असं विचारलं की त्या दोनचारवर येतात, कारण हा बोर्ड पायरी पायरीने सुरू होतो आणि कुठे अडला ते बहुतेक वेळा स्वतःच सांगतो.

या पायऱ्या समजायला बोर्डाची घडण माहीत हवी. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधल्या केंब्रिजहून बाजारात आला. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं, बिघडला तरी घरच्यांनी कपाळाला हात लावू नये, इतका तो स्वस्त ठेवायचा होता. पहिल्या मॉडेल बी ची किंमत ३५ डॉलर होती. स्वस्त ठेवायचा म्हणून त्यावर हार्ड डिस्क नाही, बंद-चालूचं बटणही नाही. ते पुढे पाय ५ वर आलं. ऑपरेटिंग सिस्टीम सगळी कार्डावर. म्हणजे कार्ड काढलेला बोर्ड हा जवळजवळ कोरा कॉम्प्युटर असतो. त्याच्या तक्रारी कार्ड, ते लिहिण्याची पद्धत आणि वीज या तीन गोष्टींभोवती फिरतात, त्याचं कारण हेच.

आता पायऱ्या. वीज मिळताच मुख्य चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला एक लहानसा प्रोग्रॅम चालू होतो. तो कुणाला बदलता येत नाही की पुसता येत नाही. पाय ४ मध्ये तो बोर्डावरच्या दुसऱ्या एका छोट्या मेमरी चिपमधून बूटलोडर उचलतो. बूटलोडर कार्डाचा पहिला भाग उघडतो आणि तिथली 'स्टार्ट४' ही फर्मवेअर फाइल चालू करतो. फर्मवेअर 'कॉन्फिग' फाइलमधल्या सूचना वाचतं आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून ठेवतं. गंमत अशी की इथवरचं काम चिपमधला ग्राफिक्सचा भाग करतो. आपण ज्याला प्रोसेसर म्हणतो तो एआरएम यानंतर कामाला लागतो. कर्नल सुरू झाला की तो कार्डाचा दुसरा, मोठा भाग शोधतो आणि उरलेली सगळी सिस्टीम तिथून उभी करतो.

हा क्रम सगळ्या मॉडेलांत अगदी सारखा नाही. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांवर ती वेगळी चिप नव्हती, बूटलोडरसुद्धा कार्डावरच असायचा. पाय ५ मध्ये उलट झालं: फर्मवेअरच बोर्डावरच्या चिपमध्ये गेलं, कार्डावर 'स्टार्ट' फाइलची गरज उरली नाही. म्हणून मित्राच्या जुन्या पाय ३ मध्ये मजेत चालणारं कार्ड तुमच्या नव्या बोर्डात चालेलच असं नाही. २०१९च्या जूनमध्ये पाय ४ आला. त्याआधीच्या सिस्टीमच्या कार्डावर 'स्टार्ट४' फाइलच नसते. पाय ५ ला तर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आलेली 'बुकवर्म' किंवा त्यानंतरचीच रास्पबेरी पाय ओएस लागते. बोर्डही चांगला, कार्डही चांगलं, फक्त जोडी जमत नाही.

तुमच्या लाल दिव्याकडे येऊ. लाल दिवा लागला म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला, असा समज सगळीकडे आहे. तो दिवा फक्त एवढंच सांगतो की बोर्डापर्यंत वीज पोचली आहे. आत काही चाललंय की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पाहायचा तो त्याच्या शेजारचा हिरवा दिवा. बोर्ड कार्ड वाचू लागला की तो अनियमित, मध्येच भरभर, मध्येच थांबून असा लुकलुकतो. ती लुकलुक दिसली तर काम चालू आहे, अडचण पडद्याची असणार. पत्रात हिरव्या दिव्याचा उल्लेख नाही, तो तेवढा आज बघून घ्या.

त्याहून सोपी एक चाचणी आहे, आणि दुकानदाराने ती काउंटरवरच करायला हवी होती. कार्ड काढून टाका. टीव्ही आधी चालू करा, योग्य इनपुट निवडा आणि मग कार्डाविनाच बोर्डाला वीज द्या. पाय ४ चा बूटलोडर अगदीच जुना नसेल तर काही सेकंदांत पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत माहिती येते: बोर्ड कुठला, बूटलोडर कधीचा, आणि एका ओळीत 'कार्ड सापडलं नाही' अशी नोंद. ही अक्षरं दिसली की बोर्ड, टीव्ही आणि केबल तिन्ही निर्दोष ठरतात, शोध कार्डापुरता उरतो. काहीच दिसलं नाही तर मात्र कार्डाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ज्या पायरीवर कार्डाची गरजच नव्हती तिथेच काहीतरी अडलेलं आहे.

तसं झालं तर पहिला संशय एचडीएमआयच्या खाचेचा घ्या. पाय ४ वर दोन बारक्या मायक्रो एचडीएमआय खाचा शेजारी शेजारी असतात. त्यातली यूएसबी-सी पॉवरच्या खाचेला लागून असलेली पहिली. बोर्डावर तिच्याजवळ 'एचडीएमआय ०' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. केबल तिच्यातच लावा. बोर्ड प्लास्टिकच्या डबीत बसवला असेल तर एकदा डबी काढून पाहा. डबीची भिंत जाड असली की केबलचं टोक बाहेरच अडतं. बाहेरून पूर्ण बसल्यासारखं दिसतं, आत मिलिमीटरभर अंतर राहतं आणि टीव्ही 'नो सिग्नल' म्हणत बसतो.

दुसरा संशय चार्जरचा, आणि इथे थोडं थांबायला हवं. 'माझा चार्जर ६५ वॅटचा आहे, मग वीज कमी कशी पडेल?' असं पुष्कळ जण विचारतात. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे जलद चार्जर आपले मोठाले वॅट ९, १५ किंवा २० व्होल्टवर देतात, आणि तेही समोरच्या उपकरणाने तशी मागणी केली तर. पाय ४ अशी मागणी करत नाही. तो ५ व्होल्टच घेतो आणि त्याला त्या ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. तेव्हा चार्जरवरचा मोठा आकडा विसरा. बारीक अक्षरांतली ओळ वाचा आणि ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. तिथे २ असेल तर बोर्ड सुरू होईल, बूटही होईल कदाचित, आणि कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, वायफाय असं सगळं एकदम कामाला लागलं की मध्येच मान टाकेल.

चार्जर चांगला असूनही केबल घात करते. हिशोब सोपा आहे. समजा केबलच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ०.१५ ओहम आहे. तिच्यातून ३ अँपिअर गेले की ०.४५ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. चार्जरने ५ दिले तर बोर्डाला पोचतात ४.५५. पाय ४ वर वीज कमी पडल्याची सूचना साधारण ४.६३ व्होल्टला मिळते. म्हणजे मोबाइल रात्रभर निमूटपणे चार्ज करणारी केबल इथे नापास झाली. मोबाइलला फरक पडत नाही, कारण त्यात बॅटरी आहे; वीज कमी आली तर तो सावकाश चार्ज होतो. बोर्डाकडे साठवलेली वीजच नाही. रास्पबेरी पायचा स्वतःचा अडॅप्टर ५ च्या जागी ५.१ व्होल्ट देतो आणि त्याची केबल जाड असून अडॅप्टरलाच कायमची जोडलेली असते, ती हा तोटा भरून काढायला.

वीज कमी पडते आहे हे ओळखायचं कसं? पाय ४ वर अशा वेळी लाल दिवा विझतो किंवा फडफडतो. म्हणजे स्थिर लाल दिवा फार काही सांगत नसला तरी विझणारा लाल दिवा पुष्कळ सांगतो. सिस्टीम चालू असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी विजेची खूण येते. आणखी खात्री हवी असेल तर टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी' ही आज्ञा 'गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड' हे शब्द जोडून द्यायची. उत्तर '०एक्स०' आलं तर सगळं ठीक. '०एक्स५००००' आलं तर या घडीला वीज पुरेशी आहे, पण सुरू झाल्यापासून कधीतरी कमी पडली होती आणि त्यामुळे बोर्डाने आपला वेग उतरवला होता.

पाय ४ च्या अगदी पहिल्या तुकड्यांत एक खराखुरा दोष होता, तोही सांगून ठेवतो. त्यांच्या यूएसबी-सी खाचेतल्या जोडणीत चूक राहिली होती. त्यामुळे आत ओळखचिप असलेल्या महागड्या केबली बोर्डाला हेडफोनसारखं काहीतरी उपकरण समजून वीजच देत नसत. साध्या केबलवर तोच बोर्ड चाले. पुढच्या आवृत्तीत ही चूक सुधारली. जुना, वापरलेला पाय ४ हाती आला असेल तर लॅपटॉपच्या उंची केबलऐवजी साधी केबल लावून पाहा. पाय ५ ला मात्र ५ व्होल्टवर ५ अँपिअरचा, म्हणजे त्याचा २७ वॅटचा अडॅप्टर चांगला. ३ अँपिअरवर तो चालतो, पण यूएसबीच्या सगळ्या खाचांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, त्यामुळे बाहेरची हार्ड डिस्क लावली की ती दिसेनाशी होते आणि लोक डिस्कला दोष देतात.

आता कार्ड. ऑपरेटिंग सिस्टीमची जी फाइल आपण उतरवून घेतो ती एका संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी नक्कल असते. कुठला भाग कुठून कुठवर, याच्या नकाशासकट. ती कार्डाच्या अगदी पहिल्या जागेपासून क्रमाने लिहावी लागते. फ्लॅश करणं म्हणतात ते याला. तुम्ही इमेजर वापरलात ते बरोबर केलंत. पुष्कळ जण मात्र ती फाइल माउसने ओढून कार्डात टाकतात. पिठाची पिशवी ताटात ठेवली म्हणून भाकरी वाढली असं होत नाही. फाइल कार्डावर असते, पण बूटलोडरला हवा तो नकाशा आणि हव्या त्या फाइली तिथे नसतात.

नीट लिहिलेल्या कार्डाचे दोन भाग होतात. पहिला छोटा, सुमारे अर्ध्या जीबीचा, फॅट पद्धतीचा, नाव 'बूटएफएस'. बूटलोडरला हीच पद्धत समजते आणि विंडोजलाही. दुसरा मोठा भाग लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीचा. तो विंडोजला वाचता येत नाही. जे वाचता येत नाही ते विंडोजच्या लेखी कोरं किंवा बिघडलेलं, म्हणून ते फॉरमॅटची परवानगी मागतं. तुम्हाला दिसलेला अर्धा जीबी म्हणजे पहिला भाग, आणि फॉरमॅटची मागणी दुसऱ्या भागाबद्दलची. दोन्ही दिसल्या म्हणजे इमेजरने काम चोख केलं होतं. चौकट आली की 'कॅन्सल' करायचं आणि कार्ड काढून घ्यायचं. तुम्ही 'हो' म्हणालात आणि नुकतीच लिहिलेली सिस्टीम दोन्ही वेळा पुसली गेली. कार्ड गेलेलं नाही. पुन्हा इमेजरने लिहिलं की ते जसंच्या तसं उभं राहील. उरलेले साठेक जीबी कुठे गेले याचीही चिंता नको. पहिल्यांदा सुरू होताना सिस्टीम आपला दुसरा भाग ताणून पूर्ण कार्डभर पसरवते. त्यात ती मध्ये एकदा स्वतःहून बंद होऊन चालू होते. तेवढ्यात घाबरून वायर काढू नका.

इथे एक बारकावा आहे, आणि तुमच्या कोड्याची किल्ली त्यातच आहे. फॉरमॅटने दुसरा भाग पुसला, पहिला शाबूत राहिला. म्हणजे बोर्डाने फर्मवेअर वाचायला हवं होतं, पडद्यावर सप्तरंगी चौकोन चमकायला हवा होता, कर्नलच्या चार ओळी यायला हव्या होत्या आणि मग दुसरा भाग सापडत नाही म्हणून गाडी अडायला हवी होती. तुमच्याकडे टीव्हीवर काहीच आलं नाही. तेव्हा तुमच्या घरी दोन अडचणी एकमेकींवर बसल्या आहेत: एक फॉरमॅटची, दुसरी एचडीएमआयच्या खाचेची किंवा चार्जरची. एक सुधारूनही फरक दिसत नाही, कारण दुसरी तशीच असते, आणि माणूस हताश होऊन बोर्डालाच नावं ठेवतो. म्हणून आधी कार्डाविना चाचणी करून पडदा आणि वीज निकाली काढा. मग कार्ड पुन्हा लिहा.

लिहिताना लॅपटॉपला लावलेले पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकीच्या जागेवर लिहिलं जाणार नाही. इमेजर आधी बोर्ड विचारतो, तिथे पाय ४ निवडा. लिहून झाल्यावर तो सगळं परत वाचून ताडून पाहतो. त्या वेळी 'वगळा' असं बटण समोर असतं आणि कंटाळा आलेला असतो. तरी वगळू नका. पडताळणीत चूक निघाली तर आधी कार्ड रीडर बदला, मग कार्ड. नाव, पासवर्ड आणि वायफायही इमेजरमध्येच भरून टाका. जुन्या पुस्तकांत 'पाय' हे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड दिलेला असतो. तो ठरलेला खातेदार २०२२च्या एप्रिलपासून काढून टाकला आहे, त्यामुळे टीव्हीशिवाय, नुसत्या वायफायवरून बोर्ड वापरू पाहणारे दाराशीच अडतात. वायफायसाठी देश 'भारत' निवडायला विसरू नका, आणि बोर्ड पाय ३ बी किंवा झीरो असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही, २.४ चंच द्यावं लागतं.

कार्ड स्वस्तात मिळालं असेल तर आणखी एक शंका मनात ठेवा. बाजारात खोट्या आकड्याची कार्डं असतात: आत ८ जीबीच जागा, पण कॉम्प्युटरने विचारलं की ६४ सांगतात. इमेजरची पडताळणी ती सहज पार करतात, कारण सिस्टीम त्या खऱ्या ८ जीबीत मावते. मुलीचे फोटो, प्रोग्रॅम साठत गेले आणि खरी जागा संपली की मागचं पुसलं जाऊ लागतं, मग एके दिवशी बोर्ड बूट होत नाही. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्सवर 'एफ३' हे मोफत प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात आणि खरा आकडा सांगतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. मात्र कार्डात काही टाकण्याआधीच हे करा.

एवढं करूनही अडलं तर हिरवा दिवा मोजा. अनियमित लुकलुकीऐवजी तो ठरावीक वेळा चमकून थांबत असेल आणि पुन्हा तसंच करत असेल, तर तो खुणेची भाषा बोलतो आहे. चारदा चमकला तर 'स्टार्ट' फाइल सापडत नाही. सातदा चमकला तर कर्नल सापडत नाही. आधी दोनदा लांब आणि मग एकदा थोडका चमकला तर कार्डाचा पहिला भाग फॅट पद्धतीचा नाही. या तिन्हींवर उपाय एकच: कार्ड नव्याने लिहायचं. आठदा चमकला तर मात्र बोर्डावरच्या रॅमची तक्रार आहे, आणि एवढ्या सगळ्या लांबलचक उत्तरात दुकानदाराचं म्हणणं खरं ठरण्याची ही पहिलीच जागा आहे. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजा, डोळ्यांनी मोजताना चार आणि सहामध्ये घोटाळा होतो.

सप्तरंगी चौकोन येऊन तिथेच थांबला तर फर्मवेअरपर्यंत सगळं ठीक, कर्नल अडला असं समजा. जुन्या सिस्टीमचं कार्ड नव्या बोर्डात घातल्यावर कधीकधी असं होतं. ओळी भराभर धावून मध्येच थांबल्या तर दुसऱ्या भागाची गडबड. तुम्ही किंवा मुलीने 'सीएमडीलाइन' फाइल नोटपॅडमध्ये उघडून काही बदललं असेल तर तिच्यातला सगळा मजकूर एकाच ओळीत आहे ना, ते पाहा. एंटर दाबून वाचायला सोयीची म्हणून दोन ओळींत तोडली की बूट होणं थांबतं.

प्रश्न : चुकीची सिस्टीम फ्लॅश केली तर मोबाइलसारखा बोर्डसुद्धा कायमचा बाद होतो का? भीतीने हात लावत नाही. — एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : बिनधास्त हात लावा. मोबाइलमध्ये सिस्टीम आतल्या, न निघणाऱ्या मेमरीत असते. ती अर्धवट लिहिली गेली तर पुन्हा आत शिरायची वाट बंद होऊ शकते. इथे सिस्टीम कार्डावर आहे. कार्डात काहीही चुकीचं लिहा, काढून घ्या, पुन्हा लिहा. बोर्डावर ओरखडाही उमटत नाही.

पाय ४ आणि ५ वर बूटलोडरची ती छोटी चिप तेवढी लिहिली जाते. अपडेट चालू असताना वीज गेली तर ती बिघडू शकते. पण चिपमध्ये कोरलेला पहिला प्रोग्रॅम शाबूत असतोच, आणि तो कार्डावर दुरुस्तीची फाइल आहे का ते पाहतो. इमेजरमध्ये इतर साधनांच्या यादीत 'बूटलोडर' असा पर्याय असतो. तो एका कार्डावर लिहून बोर्डात घाला आणि वीज द्या. काम झालं की हिरवा दिवा एकसारखा भरभर लुकलुकू लागतो आणि टीव्ही लावलेला असेल तर अख्खा पडदा हिरवा होतो. ते कार्ड काढून नेहमीचं घाला. सॉफ्टवेअरने बाद झालेला वाटणारा पाय ४ बहुतेक वेळा एवढ्यानेच उठतो.

बोर्ड खरोखर मरतो तो विजेच्या चुकीने. कडेच्या चाळीस पिनांतल्या संदेशाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्ट दिले, किंवा बोर्ड चालू असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन पिनांना एकदम टेकलं, तर चिप जळू शकते, आणि ती दुरुस्त होत नाही. सेन्सर जोडताना आधी वीज काढायची, वायरी लावायच्या, पिना पुन्हा मोजायच्या, मग वीज द्यायची. फ्लॅशिंगला लागते त्याहून कितीतरी जास्त काळजी इथे हवी.

प्रश्न : शेतावर तापमान आणि ओलावा नोंदवायला पाय ठेवला आहे. वीज वारंवार जाते आणि काही महिन्यांनी तो बूट होत नाही. कार्ड पुन्हा फ्लॅश केलं की चालतो. दर वेळी हेच करत राहायचं का? — एक शेतकरी वाचक, लातूर

उत्तर : नाही. दोष बोर्डात नाही आणि तुमच्या फ्लॅशिंगमध्येही नाही. मेमरी कार्डाला एक अक्षर बदलायचं तरी आतला मोठा तुकडा नव्याने लिहावा लागतो, आणि हे काम कार्डाच्या आतला छोटा कंट्रोलर आपल्या नकळत करत असतो. नेमकी त्या वेळी वीज गेली तर जी फाइल आपण लिहीत होतो तिच्याबरोबर शेजारची, कधीच न बदललेली फाइलही बिघडू शकते. लिनक्सची फाइल पद्धत अशा अपघातातून सावरायला बनवलेली आहे, पण कार्डाच्या पोटात काय झालं ते तिला दिसत नाही. ती शेजारची फाइल सिस्टीमच्या कामाची असली की बूट होणं थांबतं.

म्हणून अशा ठिकाणी कार्डावर लिहिणंच कमी करायचं. 'रास्पी-कॉन्फिग' या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये 'ओव्हरले फाइल सिस्टीम' नावाची सोय आहे. ती चालू केली की कार्ड फक्त वाचलं जातं, सगळे बदल रॅममध्ये होतात. वीज गेली तर बदल जातात, कार्ड मात्र सुरक्षित राहतं. तुमच्या नोंदी मग रॅममध्ये न ठेवता लगेच मोबाइलच्या नेटवरून बाहेर पाठवा किंवा वेगळ्या पेन ड्राइव्हवर लिहा. तो बिघडला तरी बोर्ड उठतो. नव्या सेन्सरसाठी प्रोग्रॅम बदलायचा असेल तेव्हा ही सोय आधी बंद करायची, बोर्ड पुन्हा सुरू करायचा, बदल करायचा आणि मग परत चालू करायची. हा क्रम विसरला की केलेला बदल रीस्टार्टनंतर गायब होतो.

कार्ड घेताना सीसीटीव्हीसाठी म्हणून विकलं जाणारं, सतत लिहिणं सोसणारं घ्या. थोडं महाग पडतं. इन्व्हर्टर असला तरी वीज जाऊन तो लागेपर्यंतच्या क्षणात बोर्ड रीस्टार्ट होत असेल, तर बोर्डाला थेट ५ व्होल्ट देणारा बॅटरीवाला छोटा यूपीएस मधे बसवा. पॉवर बँकेने भागेल असं वाटतं, पण पुष्कळ पॉवर बँका चार्जिंग सुरू किंवा बंद होताना क्षणभर वीज तोडतात. म्हणजे जे टाळायचं तेच घडतं. आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना, बोर्ड रीतसर बंद करून, त्या कार्डाची एक जशीच्या तशी प्रत काढा. प्रतीचं कार्ड घरात कपाटात न ठेवता शेतावरच्या त्याच पेटीत, छोट्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, म्हणजे तिथे असेल त्या माणसाला फोनवरून सांगूनही ते बदलता येईल.